राजीनामा, करार, हौस : घरातला जुना कागद जुन्या कोशांतून कसा वाचावा

आमच्या घरी धान्याच्या कोठीमागे पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यातल्या एका कागदावरून दोन पिढ्या एक गोष्ट रंगवून सांगितली गेली : पणजोबांनी गावच्या कामाचा राजीनामा लिहिला आणि साहेबाच्या टेबलावर आपटला. कागदावर 'राजीनामा' हा शब्द ठसठशीत होता, त्यामुळे शंका घ्यायचं कोणाला काही कारण नव्हतं. कॉलेजात असताना मी तो कागद पहिल्या ओळीपासून वाचला. त्यात नोकरीचा उल्लेखच नव्हता. सर्व्हे नंबर होता, एकर-गुंठे होते, आणि त्याला दुसऱ्या एका माणसाची कबुलायत, म्हणजे कबूल असल्याचा लेख, जोडलेली होती. मोठेबाबांना वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हंजे बुढ्यानं नोकरी नाई सोडली. वावर सोडलं."

राजीनामा म्हणजे राजी असल्याचा लेख. जुन्या महसुली व्यवहारात जमीन सोडणारा राजीनामा द्यायचा आणि घेणारा कबुलायत. कोर्टात वादी-प्रतिवादींची तडजोड झाली की त्या लेखालाही राजीनामाच म्हणायचे. आपण आज ज्याला राजीनामा म्हणतो तो या शब्दाचा एक फाटा, आणि तो इतका माजला की मूळ झाड दिसेनासं झालं.

विदर्भात अशा पेट्या घरोघरी आहेत. व्यवहार पक्का करण्याचे आणि मन राजी होण्याचे शब्द या कागदांत एकमेकांत गुंतलेले असतात. ते सोडवताना मी ठेचकाळत जी पद्धत शिकलो ती इथे मांडतो.

आधी नक्कल, मग कोश

कागद उजेडात, सावली न पडू देता, मोबाइलवर टिपून घ्या. लॅमिनेशन करू नका, घडीवर सेलोटेप लावू नका. मग वहीत अक्षराला अक्षर नक्कल उतरवा. 'करून' ऐवजी 'करुन' असेल, 'नाव' ऐवजी 'नांव' असेल, तर तसंच लिहा. बहुतेक जण सुधारून लिहितात आणि कोशात शोधायचा धागा तिथेच हरवतात. कागद मोडीत असेल तर मोडी जाणणाऱ्याकडून आधी बाळबोध (देवनागरी) करून घ्या. अंदाजाने मोडी लावण्यापेक्षा चार महिने थांबलेलं बरं.

नक्कल झाली की तीन गोष्टींखाली रेघ ओढा : लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण, आणि शेवटचं क्रियापद कुठलं. जुनं वाक्य पानभर चालतं आणि त्याची गाठ शेवटी बसते. खाली सह्यांच्या जागी बारीक नांगर काढलेला दिसला तर ते चित्र समजून पुढे जाऊ नका. ज्याला लिहिता येत नसे त्या शेतकऱ्याची ती सही. शेजारी 'निशाणी नांगर' असं लिहिलेलंही सापडतं. आमच्या कागदावरच्या नांगराचा फाळ उलट्या बाजूला आहे. काढणाऱ्याचा हात थरथरला असावा, की कारकुनानेच घाईत ओढला असावा, हा आमच्याकडे अजून वादाचा विषय आहे.

कागद कुठला आणि कधीचा हेही इथेच टिपा. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. नागपूरचं भोसल्यांचं राज्य त्याच सुमारास खालसा झालं. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं ते १९०३ मध्ये. म्हणून अकोला-यवतमाळकडच्या कागदात आपल्या जमिनीचा सारा स्वतः भरणारा खातेदार भेटतो, तर नागपूर-भंडारा-चांद्याकडच्या (आजच्या चंद्रपूरकडच्या) कागदात गावाचा सारा भरणारा मालगुजार. तिकडच्या मराठीत हिंदीही जास्त मुरलेली असते. सालापुढे 'फसली' (महसुलाची जुनी कालगणना) असेल तर ५९० मिळवा, इसवी सन साधारण हाती येतो. फसली १३०० म्हणजे १८९० च्या आसपास.

कोणता कोश उघडायचा

तीन पुरतात. पहिला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८३१ चा, पण हाती घ्यावी ती १८५७ ची दुसरी आवृत्ती. दुसरा दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघालेला. तिसरा वझे यांचा १९११ चा आटोपशीर शालेय कोश, चटकन बघायला. तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. मराठीतल्या 'बृहद्कोश' या संकेतस्थळावर एकाच वेळी अनेक कोश चाळता येतात. गावात रेंज असेल त्या वेळी पानांचे फोटो काढून ठेवा.

शब्द सापडला नाही तर तो नाही असं लगेच ठरवू नका. आपली आजची लेखनपद्धती १९६२ च्या नियमांनंतरची, कोश त्याआधीचे. अनुस्वार घालून बघा, ह्रस्वाचं दीर्घ करून बघा, 'खुशी' नसेल तर 'खुषी' बघा. सौदा पक्का करायला आधी दिलेली रक्कम आमच्याकडे 'इसार', पण पश्चिमेकडे तोच 'विसार' होतो. जोडशब्द असेल तर दोन्ही तुकडे वेगळे शोधा.

नोंद कशी वाचायची

घाई होते ती इथेच. नोंदीतला पहिला अर्थ उचलायचा आणि कागदाला चिकटवायचा, हे मीही केलंय. नोंदीत अर्थापेक्षा मोलाच्या दोन गोष्टी असतात.

एक म्हणजे कंसातली कुळी. दाते कोशात [सं.], [अर.], [फा.] अशा खुणा असतात. त्याखेरीज (व.) म्हणजे वऱ्हाडी आणि (ना.) म्हणजे नागपुरी. ही खूण दिसली की मला गावचा माणूस परक्या बसस्टँडवर भेटल्यासारखं होतं.

दुसरी म्हणजे शब्द कोणतं क्रियापद घेतो. मोल्सवर्थ हे आवर्जून देतो : अमुक नामाला कर, हो, दे, घे यांपैकी काय लागतं. यावरून कागदातली अर्धी भांडणं मिटतात, कारण मराठीत मागणी आणि वचन क्रियापदावरून ओळखू येतात. हट्ट पुरवतात, लाड पुरवतात, डोहाळे पुरवतात. शब्द पाळतात. ठराव करतात. कर्ज फेडतात, आणि नवसही फेडतात. नवस ही तर देवाशी केलेली इसारचिठ्ठीच : आधी बोलायचा, काम झालं की चुकता करायचा. अमरावतीच्या अंबादेवीला ओटी भरायला गेलेल्या बाईला 'नवस पुरवला' म्हणून बघा, ती तुम्हाला दुरुस्त करेल. नवस देव पुरवतो, माणूस फेडतो.

आणखी एक खड्डा आहे. मोल्सवर्थचे अर्थ इंग्रजीत आहेत आणि ती इंग्रजीही दीडशे वर्षांहून जुनी आहे. 'एंगेजमेंट' दिसलं की साक्षगंध (साखरपुडा) समजू नका, बहुतेक जागी ते पत्करलेलं बंधन असतं. 'अर्नेस्ट' म्हणजे मनापासून असं शाळेत शिकलो, पण सौद्याच्या शब्दापुढे आलं तर तो इसार. अशा वेळी जुना इंग्रजी कोशही जवळ ठेवावा, १७५५ चा सॅम्युअल जॉन्सनचा किंवा १८२८ चा वेबस्टरचा. 'रॅटिफाय' आणि 'ग्रॅटिफाय' ही एका अक्षराच्या फरकाची जोडी त्यांत बघण्यासारखी आहे. पहिला लॅटिन 'ठरलेलं' पासून आला, म्हणजे पक्कं करणं. दुसरा 'आवडतं, उपकार मानणारं' पासून, म्हणजे समोरच्याची इच्छा पुरवून खूश करणं, आणि त्यातूनच मोबदला देणंही. ग्रॅच्युइटी याच दुसऱ्या घरातली. मुळात खुशीने दिलेली भेट, आणि आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने ती हक्क झाली. निवृत्त मास्तर तिच्यासाठी खेटे घालतात तेव्हा त्यात खुशी कोणाची, हे विचारू नये.

पक्कं करण्याचे शब्द

कागदात हे शब्द ढिगाने येतात आणि आपण सगळ्यांना 'हो म्हटलं' एवढ्यावर उरकतो. तसं करू नका. प्रत्येकाची पायरी वेगळी आहे.

'करार' अरबीतून आला. मूळ अर्थ ठरणं, स्थिर होणं. म्हणून माणूसही करारी असतो. 'कायम' म्हणजे उभा असलेला. ग्रामसभेच्या नोटिशीतला पहिला विषय आठवा : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. गेल्या खेपेला जे लिहिलं ते आज सगळ्यांसमोर उभं राहतंय का, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे सचिव ही ओळ एका दमात वाचून मोकळा होतो आणि मागून कोणीतरी 'हाव हाव' (हो हो) म्हणतं. त्या दोन हावांवर पुढचं वर्षभर भांडण चालतं.

'मंजूर' नजरेचा भाऊ आहे. मंजूर म्हणजे पाहिलेलं. वरच्याने पाहिलं आणि अडवलं नाही, ही मंजुरी. म्हणून मंजुरी बरोबरीच्या माणसाकडून येत नाही, वरून येते. 'कबूल' मात्र खालच्याकडून किंवा समोरच्याकडून येतं : जमीनदार पट्टा देतो, कुळ कबुलायत लिहून देतं. कागदात दोन्ही शब्द असतील तर कोण वर आणि कोण खाली हे तेवढ्यावरून कळतं.

'रुजू' हा शब्द जुन्या दफ्तरात ताडून पाहिल्याची खूण म्हणून येतो. मला तरी रुकारातला 'रु' या रुजूचाच वाटतो. होकार तोंडाचा, रुकार कागदाचा.

'शिक्कामोर्तब' आपण एका दमात म्हणतो, पण त्या दोन मुद्रा आहेत. शिक्का पत्राच्या माथ्याशी, मोर्तब शेवटी. शिवाजी महाराजांच्या पत्रांत शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा दिसते, ती मजकूर इथे संपला हे सांगणारी. तिच्याखाली कोणी दोन ओळी घुसडू नयेत, ही त्यातली व्यवहारी अक्कल. आज स्टँपपेपरवर शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारतात, ती तिची नात.

आता संमती, अनुमती, सहमती. संमती ज्याचं त्याने द्यायची. अनुमती ज्याच्या हाती अडवणं आहे त्याने. सहमती सगळ्यांनी मिळून. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायचे असं ठरवलं आणि ते चालवून दाखवलं. एक जरी माणूस अडला तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. कोशात संमती आणि सहमती शेजारी दिसतात. अशा बैठकीत बसलं की त्यांच्यातलं अंतर कळतं.

कायद्याच्या मराठीत आणखी एक शब्द आहे, 'अनुसमर्थन'. समजा तुम्ही नागपुरात आहात. गावी भावाने तुम्हाला न विचारता तुमच्या वाट्याच्या सोयाबीनचा सौदा तुमच्या नावाने केला. कळल्यावर तुम्ही म्हणालात, ठीक, मला मान्य. ही संमती नाही, कारण संमती आधी असते. हे अनुसमर्थन, आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ते सौद्याच्या दिवसापासून लागू धरलं जातं. शिवाय भाव मान्य पण वजनातली कटती अमान्य, असं अर्धं-अर्धं चालत नाही. एक भाग मान्य केला की सगळा सौदा मान्य केल्यासारखा होतो. जुन्या कागदात यासाठी असा एकच शब्द सापडेल असं नाही, 'भावाने केले ते आम्हांस कबूल' अशी अख्खी ओळ असू शकते. ती ओळ दिसली की तारीख बघा : सौद्याआधीची की नंतरची.

मन राजी होण्याचे शब्द

राजी, रजा, मर्जी ही तिन्ही एका अरबी धातूची पोरं, अर्थ प्रसन्न असणं. म्हणजे ऑफिसात आपण रजा मागतो तेव्हा मुळात साहेबाची प्रसन्नता मागतो. आणि राजीनाम्यात जमीन सोडणारा कागदावर लिहून देतो की मी प्रसन्न आहे. खरेदीखतात आजही 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' असं छापलेलं असतं. सावकाराकडे वावर गेलेल्या माणसाच्या कागदातही तेच शब्द, त्याच वळणाचे. म्हणून 'राजीखुशीने' हा साचा समजा, पुरावा नको. खुशी खरी होती का हे रकमेवरून, तारखेवरून, त्या साली पीक कसं होतं यावरून काढायचं. आमच्या पणजोबांच्या कागदात 'राजीखुशीने' दोनदा आलंय. दोनदा का लिहावं लागलं असेल, हा प्रश्न मोठेबाबांचा.

'तोष' या संस्कृत घराण्यातही गंमत आहे. संतोष, परितोष, पारितोषिक. पारितोषिक म्हणजे प्रसन्न होऊन दिलेलं. दंडविधानाच्या जुन्या १६१ व्या कलमात लाचेसाठी जो इंग्रजी शब्द होता तोच 'ग्रॅटिफिकेशन', आणि कायद्याच्या हिंदी पाठात त्याला 'परितोषण' म्हटलंय. एका कुळातले दोघे : एक शाळेच्या भिंतीवर टांगतात, दुसरा घेताना लाचलुचपतवाले धरतात.

'हौस' बघताना हिंदीची शेजारीण आड येते. मूळ शब्द एकच, पण हिंदीत 'हवस' म्हणजे वासना, मराठीत हौस म्हणजे लेकीसाठी पैठणी, बैलासाठी झूल. भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या पत्रात 'हवस' दिसलं तर लगेच भुवई उंचावू नका, लिहिणाऱ्याची मराठी हिंदीच्या अंगाने गेलेली असू शकते. आजूबाजूची क्रियापदं बघा. हौस असेल तर ती भागते, फिटते किंवा पुरवली जाते. 'डोहाळे' संस्कृत 'दोहद' वरून आले. कोशात गरोदर बाईच्या खाण्याच्या इच्छेपासून 'त्याला श्रीमंतीचे डोहाळे लागले' इथपर्यंत सगळं सापडेल.

तृप्ती, समाधान, आनंद यांत वेळ घालवू नका. कागदात ते फार येत नाहीत, आणि आले तरी आजच्याच अर्थाने येतात.

कोशात न सापडणारं

अशा शब्दांसाठी म्हातारी माणसं, आणि तीही लवकर. आमच्या दुसऱ्या एका चिठ्ठीत सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्याचा, हिशेब आहे. पाडव्याला साल ठरलं, इतके रुपये, इतकी ज्वारी, आणि शेवटी 'बोजारा वेगळा'. मी तो शब्द ओझ्याशी जोडून बसलो होतो, म्हटलं हमालीचे पैसे असतील. आजी हसली. "पोळ्याले बैल दारात आला का गड्याले देतेत तो बोजारा. तान्ह्या पोळ्याले तू नाई का पैशे गोळा करत फिरे?" लहानपणी लाकडी बैल घेऊन दारोदार मी हेच मागितलं होतं, आणि कागदात मात्र ओळखलं नाही. करारात खुशीच्या देण्याची नोंद, आणि तीही 'वेगळा' अशी बजावून : म्हणजे मालकाची मर्जी असो-नसो, गड्याला तो मिळायचाच.

'हाव' चंही तसंच. कोशात हाव म्हणजे लोभ. वऱ्हाडात हाव म्हणजे हो. कोणी बोली जशीच्या तशी लिहून ठेवली असेल आणि 'त्याने हाव म्हटली' की 'त्याला हाव सुटली' यात घोळ झाला, तर साधा होकार लोभ ठरतो.

असा शब्द मिळाला की वहीत चार रकाने करा : शब्द, कागदातली पूर्ण ओळ, सांगणाऱ्याचं वय आणि गाव, त्याने सांगितलेला अर्थ त्याच्याच बोलीत. अर्थ प्रमाण मराठीत वळवून लिहू नका. दोन वेगळ्या घरांत विचारा. आमच्या आजीचा आणि शेजारच्या काकूंचा बोजारा जुळला, म्हणून मी तो पक्का धरला.

कोर्टात जाण्याआधी

शब्दाचा अर्थ लागला म्हणजे वावर मिळालं असं नाही. इसारचिठ्ठीने किंवा सौदाचिठ्ठीने मालकी फिरत नाही. शंभर रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराला नोंदणीकृत खरेदीखत लागतं. कोशाची पानं वकिलाला जरूर दाखवा, पण आधी तलाठ्याकडे आणि भूमी अभिलेखाकडे त्या सर्व्हे नंबरचे जुने उतारे मागा. कागदातला शब्द आणि उताऱ्यातली नोंद जुळली तरच पुढे बोलणं. आमची जुळली. राजीनाम्याच्या पुढच्याच सालापासून त्या नंबरला दुसरं नाव लागलंय.

मोठेबाबांनी उतारा हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. मग विचारलं, "अन् हे नाव कोनाचं हाय? पाह्य बरं, याचे नातू अजून गावातच असतीन."